वायपरच्या पाण्याची टाकी गळतेय, एमसील टिकत नाही. जुनी गाडी आहे, काय करू?

खंबाटकी_पार
नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची पेट्रोल हॅचबॅक, घरात पहिल्यापासून आहे, इंजिन अजून एकदम छान चालतं. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत रिपासिंग करून घेतलं, पुढची पाच वर्षं मिळाली, त्यामुळे इतक्यात विकायचा विचार नाही. प्रॉब्लेम असा की काचेवर पाणी मारायची जी टाकी असते ती गळतेय. रात्री तोंडापर्यंत भरून ठेवली तरी सकाळी जेमतेम दोन-चार पिचकाऱ्या निघतात, मग मोटर नुसती घरघरते.

माझं सातारा-पुणे येणंजाणं सारखं असतं. पावसाळ्यात खंबाटकी घाटात पुढचा ट्रक चिखलाचं पाणी उडवतो आणि पाणी न मारता वायपर फिरवला की काचभर चिखल सारवला जातो, त्यात रात्रीची वेळ असेल आणि समोरून हेडलाईट आला तर पाच-सात सेकंद काही म्हणजे काही दिसत नाही. गाडीत आई असते बरेचदा, खरंच भीती वाटते, म्हणून छोटी गोष्ट म्हणून सोडून द्यायची नाहीये.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी खाली वाकून बघितलं, पाणी मोटरीपाशी टपकत होतं म्हणून मोटरीच्या भोवती एमसील थापून दिलं. थोड्या दिवसांत त्याचा अख्खा पोपडा सुटून हातात आला. दुसरीकडे विचारलं तर म्हणे टाकीच बदला, आणि चौकशी केली तर या मॉडेलची नवी टाकी आता येतच नाही. बॉनेट उघडलं की फक्त टाकीचं तोंड आणि निळं झाकण दिसतं, बाकी टाकी खाली फेंडरच्या आत कुठेतरी आहे. तर गळतंय नक्की कुठून हे घरच्या घरी कसं शोधायचं, आणि प्लास्टिकला काय लावलं म्हणजे टिकेल?

पाना_पक्कड
दादा, आधी लावायचं काय ते बाजूला ठेवा. पाणी जिथून टपकतं तिथूनच गळतं असं नसतं. टाकीत वर कुठेही चीर असली तरी पाणी अंगावरून ओघळत खाली येणार आणि सगळ्यात खाली असते मोटर, म्हणजे थेंब मोटरीवरूनच पडणार. वरवर बघणाऱ्याला वाटतं मोटरच गळतेय. माझ्याकडे अशा कितीतरी गाड्या येतात, मोटरीला एमसील नाहीतर सिलिकॉन फासलेलं आणि भोक भलतीकडेच.

पहिलं म्हणजे ते वॉशरचंच, म्हणजे काचेवर मारायचंच पाणी आहे ना ते बघा. एसीचं पाणी पण खाली टपकतं, ते साधं स्वच्छ पाणी असतं, बहुतेक क्लीनर साईडला पडतं, त्यात काही बिघाड नाही. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) असेल तर रंग असतो, हिरवा नाहीतर गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागतं, आणि ते गळत असेल तर टाकी राहू द्या, आधी गाडी दाखवा. खात्री करायची तर वॉशरच्या टाकीत खायचा रंग चिमूटभर टाका आणि गाडीखाली पुठ्ठा पसरा. आणि ओतताना झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र आहे ना ते बघूनच ओता, घाईत लोक कूलंटच्या बाटलीत ओततात.

आता खरी टेस्ट. गाडी सपाट जागी लावा, टाकी तोंडापर्यंत भरा, गाडी हलवायची नाही आणि पिचकारी पण मारायची नाही. एक बारीक काठी किंवा केबल टाय आत तळापर्यंत घालून पाणी किती आहे ते मोजत राहा, रात्रभर असंच.
पाणी कमीच झालं नाही, तर टाकी चांगली आहे. नळी फाटलीय किंवा जॉइंट सुटलाय, मोटर चालू केल्यावरच गळणार.
पाणी पार तळाला गेलं, तर मोटर जिथे टाकीत बसते तिथलं रबर ग्रोमेट. मोटर काही स्क्रूने बसवलेली नसते, रबरात नुसती दाबून बसवलेली असते, आणि ते रबर इतक्या वर्षांत कडक होतं, आकसतं. जुन्या गाड्यांत जास्त करून हेच निघतं, आणि ग्रोमेट चहा-वड्याच्या पैशात मिळतं.
पण पाणी मधेच एका उंचीवर येऊन थांबलं, तर चीर बरोबर त्या उंचीला आहे. पाणी चिरेच्या खालच्या टोकापर्यंत उतरतं आणि तिथे थांबतं. ही खूण नीट लिहून ठेवा.

मेघा_नाशिक
वरचं सगळं बरोबर आहे पण उंदीर विसरू नका! आमच्या सोसायटीत पावसाळा सुरू झाला की उंदीर बॉनेटमध्ये उबेला येऊन बसतात आणि वॉशरची नळी सगळ्यात आधी कुरतडतात, वायरिंगच्या आधी. माझ्या गाडीत बॉनेटच्या खालचं जे गादीसारखं इन्सुलेशन असतं त्याच्या मागून नळी जाते, तिथे कुरतडली होती, वरून काहीच दिसत नव्हतं. बॉनेट उघडं ठेवून एकाला आत बसवून पिचकारी मारायला सांगितली तेव्हा कळलं.
नळी मात्र मत्स्यालयाच्या दुकानातली घालू नका. भोक बहुतेक जुळतं, ४ मिमी, पण इंजिनच्या उष्णतेनं ती नळी काही महिन्यांत काचेसारखी कडक होऊन तडकते. स्पेअर पार्टच्या दुकानात वॉशरची काळी रबरी नळी फुटावर मिळते, तीच घ्या.

खंबाटकी_पार
धन्यवाद दोघांनाही. शनिवारी रात्री टेस्ट केली. रंगाचं पाणीच पुठ्ठ्यावर पडलंय, म्हणजे वॉशरचंच आहे. आणि पाणी तळाला गेलं नाही! तळापासून चार बोटं वर येऊन थांबलं, सकाळी सात वाजता जितकं होतं तितकंच दुपारी पण. मेघाताई, नळ्या पण बघितल्या, पिचकारी मारताना कुठेही ओल नाही.
मग आता टाकी उतरवायलाच लागणार का? बंपर काढावा लागेल की काय?

पाना_पक्कड
उतरवायलाच लागणार, पण तुमचं काम सोपं झालं. चार बोटांवर थांबलं म्हणजे ग्रोमेट पाणी धरतंय, चीर त्या उंचीला आहे.
बंपर काढायची गरज बहुतेक पडत नाही. त्या बाजूचं पुढचं चाक काढा, आत काळं प्लास्टिकचं फेंडर लायनर दिसेल, त्याच्या पुढच्या अर्ध्या भागाच्या क्लिपा काढून ते वाकवलं की टाकी समोर येते. क्लिपांचं मधलं बटण आधी स्क्रू ड्रायव्हरनं उचका मग क्लिप ओढा, तरी जुन्या क्लिपा तुटतातच, आधीच पाच-सहा आणून ठेवा. टाकी बहुधा दहाच्या पान्याच्या दोन-तीन बोल्टवर असते. मोटरीचा वायरचा सॉकेट आणि नळी सोडवा, खाली बादली धरा. मागे वायपर असेल तर दोन नळ्या असतील, कुठली कुठे जाते त्याला टेप लावून ठेवा नाहीतर पुढचं बटण दाबल्यावर मागच्या काचेवर पाणी जाईल. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा.

आणि हे कळकळीनं सांगतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आत हात घालायचा नाही. घोडी (गाडी टेकवायचा स्टँड) लावा. घोडी नसेल तर काम पुढे ढकला पण जॅकच्या भरवशावर राहू नका. काढलेलं चाक पण आडवं करून दरवाज्याच्या खालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकाला दगड.

उद्यमनगर_कोल्हापूर
टाकी निघाली की तळाला किंवा बाजूला उठावात काय लिहिलंय ते बघा, त्यावर सगळं अवलंबून आहे. पीई किंवा एचडीपीई (दोन्ही पॉलिथिलीनच) असेल, नाहीतर पीपी (पॉलिप्रॉपिलीन). दोन्ही प्लास्टिक पाण्यावर तरंगतात आणि दोन्हीला कुठलंच साधं गोंद धरत नाही. तुमचं एमसील वाईट नव्हतं, एमसील लोखंडाला, सिमेंटला, पीव्हीसीला झकास चिकटतं, पण या प्लास्टिकचा पृष्ठभागच असा आहे की चिकटणारी वस्तू त्यावर नीट पसरत नाही, वर नुसती बसून राहते आणि गाडीच्या हादऱ्यानं सुटते. फेविक्विक, अराल्डाईट, सिलिकॉन, सगळ्यांचं तेच.

यावर खरा इलाज एकच, प्लास्टिकला प्लास्टिकनंच डाग द्यायचा. पूर्वी गल्लीत बादल्या-घागरी सांधणारे यायचे, तापलेली पट्टी घेऊन बादलीचाच तुकडा वितळवून चीर भरायचे, आणि ती बादली नंतर वर्षानुवर्षं चालायची. तेच काम आहे हे. घरी सोल्डरिंगची इस्त्री असेल तर होतं.

टाकी आतून बाहेरून धुऊन पूर्ण कोरडी करा. पाण्याचा अंश राहिला तर डाग देताना बुडबुडे येतात आणि त्याच बुडबुड्यातून नंतर झिरपतं. चिरेची दोन्ही टोकं शोधा, दिसतं त्याच्या थोडं पुढेच असतात, आणि प्रत्येक टोकाला २ मिमीचं गोल भोक पाडा. हे केलं नाही तर डाग दिल्यावर चीर त्याच्या पुढे सरकते. मग चिरेवर ब्लेडनं उथळ व्ही आकाराची खाच काढा, आजूबाजूला बोटभर जागा पॉलिश पेपरनं खरखरीत करा.
भरायला प्लास्टिक त्याच जातीचं पाहिजे. टाकी पीई असेल तर इंजिन ऑईलचा रिकामा कॅन, त्यावर त्रिकोणात २ आकडा असतो तो एचडीपीई, पुसून त्याच्या पट्ट्या कापा. पीपी असेल तर ५ आकडा असलेला डबा. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक घेऊ नका, ते १ आकड्याचं वेगळं असतं, एकजीव होत नाही. बाईकचे फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिक) वेल्डिंग करणाऱ्याकडे दिलीत तर त्याला पण हेच सांगा, कारण तो बरेचदा एबीएस नावाच्या वेगळ्याच प्लास्टिकची पट्टी वापरतो.
एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं, पीपी १६० च्या आसपास, इस्त्री त्याहून बरीच जास्त तापते म्हणून एका जागी टेकवून ठेवायची नाही. प्लास्टिक पारदर्शक मेणचट दिसायला लागलं की बरोबर, धूर यायला लागला की जळतंय, काढा. आधी दोन्ही कडा एकमेकांत वितळवून घ्या, मग पट्टी वितळवत खाच भरा, वर थोडा उंचवटा राहू द्या. चीर लांब असेल तर स्टीलची बारीक जाळी आत दाबून बसवा आणि तिच्यावरून परत एक थर. हे सगळं अंगणात, वारा आपल्या पाठीमागून येईल असं बसून करा.
पाणी लगेच भरू नका, पूर्ण गार होऊ दे. मग टाकी भरून वर्तमानपत्रावर ठेवा, कागद ओला होतो का बघा. गाडीत बसवल्यावर गळती कळण्यापेक्षा हे बरं.

ठाणे_वेस्ट
एवढा खटाटोप कशाला? कुर्ल्याला भंगारच्या दुकानात, पुण्यात नाना पेठेत बघा, अशा जुन्या गाड्यांच्या टाक्या मिळतात. टाकी आणा, लावा, विषय संपला. माझा वेळ महाग आहे, इस्त्री घेऊन बसायला मला जमणार नाही, बऱ्याच जणांचं तसंच असेल.

उद्यमनगर_कोल्हापूर
@ठाणे_वेस्ट मिळाली तर जरूर घ्या, पण भंगारातली टाकी पण त्याच वयाची असते, इंजिनच्या उष्णतेत तेवढीच वर्षं काढलेली. घेताना अंगठ्यानं दाबून बघा. दाबली आणि परत फुगली तर ठीक, करकर आवाज आला किंवा दाबलं तिथे पांढरं पडलं तर घेऊ नका, ती महिन्याभरात जाईल. आणि दुकानातच पाणी भरून दाखवायला सांगा. ज्याची टाकी आधीच अशी ठिसूळ झालीय त्यानं डाग देत बसू नये हे मात्र मान्य, चीर एकीकडे बुजवली की दुसरीकडे जाते.

ओंटारियो_पाटील
इथे कॅनडात माझ्या जुन्या गाडीची टाकी फुटली ती गोठून. उन्हाळ्याचं साधं पाणी आत राहिलं, पहिल्या कडक थंडीत बर्फ झाला, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, तळाचा कोपरा सरळ उघडला. साताऱ्यात हा प्रश्न नाही, पण आपल्याकडचे बरेच जण आता स्वतःची गाडी घेऊन लडाख, स्पिती, काश्मीरला जातात, त्यांनी निघायच्या आधी साधं पाणी काढून न गोठणारं फ्लुइड भरावं.
इकडे हिवाळ्यात उणे ४० पर्यंतचं निळं फ्लुइड मिळतं. त्यात मिथेनॉल असतं, ते पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात, जीव पण जातो, पेटतं पण. ते ज्या टाकीत होतं तिला डाग देणार असाल तर आधी दोनदा-तीनदा पाण्यानं खळबळून वाळवा. आणि उरलेलं फ्लुइड सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, लहान मुलं असतात घरात.

खंबाटकी_पार
झालं काम! सविस्तर लिहितो, कुणाला उपयोगी पडेल.

चाक काढून लायनर वाकवला, टाकी समोरच. पक्कडकाका, तुमचं शंभर टक्के खरं निघालं. टाकीला तीन कान आहेत, वर दोन आणि मागे खालच्या बाजूला एक. खालच्या कानाचा बोल्टच नव्हता! पूर्वी कधी बंपरचं काम झालं होतं तेव्हा राहिला असणार. म्हणजे भरलेली टाकी वरच्या दोन कानांवर लोंबकळत होती, खड्ड्यात खाली आपटत होती, आणि खालचा कान जिथे टाकीच्या अंगातून निघतो बरोबर त्या मुळाशी बोटभर बारीक चीर. नुसतं बघून कळत नाही, अंगठ्यानं दाबलं की फट उघडते आणि सोडलं की मिटते. चिरेपासून खाली मोटरीपर्यंत पांढऱ्या क्षाराचा ओघळ सुकलेला, पाणी कुठून कुठे जात होतं ते रेघ मारल्यासारखं दिसत होतं. आणि चिरेचं खालचं टोक तळापासून मोजलं तर चार बोटं.

तळाला पीई लिहिलंय. ऑईलचा कॅन कापून पट्ट्या केल्या, मामेभावाकडून इस्त्री आणली, आधी कॅनच्याच तुकड्यांवर सराव केला, मग टाकीवर हात घातला. टोकांना भोकं, खाच, जाळी, सगळं सांगितलं तसं. कानाच्या मुळाशी जाळी जरा वर कानावर पण चढवली म्हणजे जोर एकट्या सांध्यावर येणार नाही. भरून वर्तमानपत्रावर ठेवली, कागद कोरडा.
एमसीलचा उरलेला थर मोटरीभोवती होता तो नखानं निघाला. टाकी हातात होतीच म्हणून ग्रोमेट पण बदलून टाकलं, मोटर बाहेर काढली तर पाणी गाळायची बारीक जाळी शेवाळानं अर्धी बुजलेली.

बोल्ट अजून घालायचाय. आता दोन प्रश्न. नवं ग्रोमेट फार घट्ट आहे, मोटर आत जात नाही, ग्रीस लावून दाबू का? आणि पाण्यात काय घालावं, आजवर आम्ही चमचाभर कपड्याची पावडर घालत आलोय.

पाना_पक्कड
शाब्बास, मन लावून केलंत. ग्रीस नको, तेल पण नको, ते रबर बहुतेक ईपीडीएम जातीचं असतं, तेला-ग्रिसानं फुगतं आणि सैल पडतं. साबणाचं पाणी लावा आणि मोटर गोल फिरवत दाबा, जाईल.

कपड्याची पावडर बंद करा. ती पूर्ण विरघळत नाही, जाळीत आणि नोझलमध्ये बसते, वाळली की काचेवर आणि बॉनेटच्या रंगावर डाग राहतात. बाजारात वॉशरचं कॉन्सन्ट्रेट मिळतं ते बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. बोअरचं पाणी वापरू नका, क्षार तुम्ही टाकीवर बघितलेच आहेत, तेच नोझलच्या भोकात साठतात. आरओचं किंवा एसीतून निघणारं पाणी गाळून घेतलं तर उत्तम. टाकी रिकामी असताना बटण दाबून धरायचं नाही, मोटर कोरडी फिरली की जळते.

मेघा_नाशिक
माझा पण एक प्रश्न विचारते, ड्रायव्हर साईडच्या नोझलमधून धार येतच नाही, दुसऱ्या बाजूला जोरात येते. पिन घालून बघितली.

पाना_पक्कड
ताई, पिननं कचरा आत ढकलला जातो. त्या नोझलची नळी खालून काढा, मोटर चालवून नळीतून पाणी येतं का बघा. आलं तर नोझलच चोंदलंय, काढून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा आणि बाहेरून आत हवा मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं निघेल. नळीतूनच आलं नाही तर बॉनेटखाली मधे टी जॉइंट असतो तिथे ती बाजू दुमडलीय का बघा.

@खंबाटकी_पार खालच्या कानाला बोल्ट घालताना दोन्ही बाजूंनी रुंद वॉशर (बोल्टची चकती) घाला, म्हणजे प्लास्टिकवर दाब पसरतो. आधी तिन्ही बोल्ट हातानं लावा, टाकी आपल्या जागेवर सैल बसू दे, मग पान्यानं घट्ट करा. एक पूर्ण आवळून दुसरा ओढून लावलात तर ताण परत त्याच सांध्यावर येईल. आणि प्लास्टिक आहे, हातानं घट्ट झाल्यावर पान्याचा पाव फेरा बास.